पाचवी जमीन

मिरजेच्या चर्चमागच्या खोलीत, उपासनेच्या आधी,
माझी शब्बाथशाळा भरते.
एकतीस वर्षं. पेरणाऱ्याचा दाखला आला
की फळ्यावर चार चौकोन:
वाट, खडक, काटे,
आणि हिरव्या खडूनं चांगली जमीन.
हिरवा खडू मी पर्समध्ये वेगळा ठेवते,
मुलं संपवतात म्हणून.

त्या रविवारी डिग्रजची प्रिस्का उठली,
आवळ्यांची, एका वेणीची रिबीन सुटलेली.
"बाई, आमचं रान ह्यात कुठलं?"
कसं आहे ते सांग, म्हटलं.
"वाट न्हाई. दगुड न्हाई. काटं बी न्हाईत.
काळं हुतं. आता पांढरं झालंय."
पाणी मिळत नाही का गं?
"लई मिळालं बाई. म्हणूनच."

मुलं हसली.
मी घंटा पाच मिनिटं आधी वाजवली.

बुधवारी सांगलीला गाडी बदलून गेले.
शद्रक आवळे बांधावर उभे,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मिशीला माती.
रानावर कुणी पिठाची चाळण
उपडी केल्यासारखं दिसत होतं.
पाय टाकला की पापुद्रा मोडायचा, खाली चिखल.
मधेच ऊस, कमरेएवढा, पिवळा,
ताटकळल्यासारखा.

"आज्यानं उपशाचं पाणी आणलं तवा पेढं वाटलं.
मग काय, दिलं. दिवसा दिलं, रातचं दिलं,
मोजलं न्हाई कुणी.
वरनं येत ऱ्हायलं, खाली जायाला वाट न्हाई.
मग खालचं मीठ वर आलं."
चिमूटभर उचलून माझ्यापुढं धरली.
"जिभंला लावून बघा."

मीठ व्हा, मीठ व्हा, शिकवत आले.
कुठं व्हायचं ते सांगितलं नाही.

चार फूट खोल चर खणले होते.
आत आडव्या पाइपा, अंगभर भोकं,
वरून जाळीचा सदरा.
ह्या पाणी आणत न्हाईत, म्हणाले, नेत्यात.
वढ्याकडं.
आणि पीक कधी?
"आदी धैंचा. उभा वाढला की गाडायचा.
तीन वर्सं तरी. बगू."

'बघू' हा शब्द
माझ्या एकाही प्रार्थनेत नाही.

रात्री टेबलाशी बसले.
रोज चार अध्याय, आईच्या मातीच्या दिवशीही चुकले नाहीत.
लाल पेन्सील आज्ञांना, निळी अभिवचनांना.
कुठलं वचन कुठल्या पानावर,
डावीकडे की उजवीकडे, झोपेत विचारा.
आणि समोरच्या बाकावरच्या हॅनाशी,
सख्ख्या जावेशी, नऊ वर्षं बोललेले नाही.
घराच्या वाटणीवरून.
वाटणीवरून नाही. एका पितळी घंगाळावरून.
या नऊ वर्षांत क्षमेवरचे धडे किती घेतले,
रजिस्टरमध्ये आहेत, तारखांसकट.

त्या रात्री एकच वचन वाचलं.
तेही पुरतं नाही. अर्ध्यात पुस्तक मिटलं
आणि दिवा घालवून तशीच बसून राहिले,
खाली काही जातंय का ते ऐकत.
नळ टपकत होता. तेवढंच.

गुरुवारी हॅनाच्या दारात.
बेल बंद. कडी वाजवली.
आतला भांड्यांचा आवाज थांबला.
"कोण?"
नाव सांगताना जिभेवर
डिग्रजचीच चव.

दार उघडलं. चहा झाला.
घंगाळाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.
ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात दिसत होतं,
त्यात कपडे भिजत घातलेले.

रविवारी फळ्यावर पाचवा चौकोन काढला,
पांढऱ्या खडूनं.
आत काय लिहायचं, ठरलं नव्हतं.
प्रिस्का उशिरा आली, धापा टाकत,
चपला हातात.
"बाई, पाइपातनं पाणी सुटलंय वढ्यात.
करंगळीएवढं.
चाखलं मी. खारट हाय."