हेर

बाप कुलाब्याच्या कॅम्पात पाणी भरायचा.
पंचेचाळीसची दिवाळी उलटलेली, लढाई संपलेली,
बोटी मिळत नव्हत्या.
तिथं लुशियस टॉलिव्हर, अलाबामाचा,
आसामच्या चिखलात रस्ता बांधून आलेला.
बंदुकीपेक्षा फावड्याचे घट्टे जास्त.

कॅन्टीनच्या दारावर पाटी होती.
बापानं बोटानंच विचारलं, काय लिहिलंय?
लुशियसनं मनगटाची कातडी चिमटीत धरून दाखवली.
बाप म्हणाला, आमच्या विहिरीवर पाटी नसते.
लागतच नाही.
हे कुठल्या भाषेत सांगितलं
ते मी कधी विचारलं नाही.

सत्तेचाळीसच्या थंडीत पत्र आलं नायगावच्या चाळीत,
जर्मनीचा शिक्का, पाकीट फोडून परत चिकटवलेलं.
नाइट स्कूलचा सावळा तांबे अडखळत सांगू लागला :
इथं घरं पडलीत. पोरं माझ्या गालाला बोट लावतात
आणि मग बोट बघतात.
घरी माझ्या म्हाताऱ्याला अजून पोऱ्या म्हणतात,
म्हणून आणखी तीन वर्षांची सही केली.
बियरच्या दुकानात लोक मला हेर म्हणतात, खुर्ची देतात.
खुर्चीवरून उठवतात ते आमचेच, पांढऱ्या हेल्मेटवाले.

तांबे थांबला. हेर?

त्या रात्रीपासून बापाचा दोस्त हेर झाला.
आम्ही पोरं जिन्याखाली लपून लुशियस-लुशियस खेळायचो.
बापानं उत्तर धाडलं नाही.
हेराला पत्र गेलं तर पकडतील त्याला, म्हणायचा,
आणि पाकीट तांदळाच्या डब्यात खाली सरकवायचा.

अडुसष्ट साली आमच्या छापखान्यात जर्मन मशीन आलं,
सोबत एक मेकॅनिक. मालक दिवसभर
हेर क्राउझे, हेर क्राउझे करत त्याच्या मागं.
मी विचारलं. मालक म्हणाला, अरे, साहेब म्हणतात ना, तसं.

घरी बाप दाढी करत होता, अर्धा गाल साबणाचा.
म्हणजे राव, तो म्हणाला. लुशियसराव.
मग आरशातच बघत राहिला.
कॅम्पातली खाकी घालून एकदा गावी उतरला होता हा माणूस;
वेशीवर पाटलाचं दहा वर्षांचं पोर म्हणालं होतं,
गेण्या, ते सामान ठेव आणि बैल सोड.

साबण गालावर वाळला.
पोस्ट किती वाजता बंद होतं, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, झालं असेल कधीच.
तरी त्यानं खुंटीवरचा सदरा काढला.