बिघाड नाही

मुहर्रकच्या गल्लीत, मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरात
आता फिल्म लागते. तेहेतीस मिनिटांची, दिवसाला सोळा वेळा.
मी दाराशी. भिंग पुसायचं, बाकं सरळ करायची,
आणि एकविसाव्या मिनिटाला लोक उठून आले की सांगायचं :
बिघाड नाही.

चार मिनिटं पडदा काळा असतो.
नुसता वल्ह्याचा आवाज, तोही पाण्यातला नव्हे,
कोरड्या मातीवर खरवडल्याचा.
लोकांना वाटतं दिवा गेला.
एकानं पैसे परत मागितले, प्रवेश फुकट असताना.

फिल्म नहलाबाईंची. बसऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, बोरूच्या बेटांवर.
बंड झालं, बंडखोर बोरूत लपले,
म्हणून सरकारनं बोरूखालचं पाणीच काढून नेलं.
फिल्ममध्ये त्यांचे मामा भेगाळलेल्या जमिनीत नाव वल्हवतात.
मागून दोन पोरं ढकलतात.
मामा मागं वळून बघत नाहीत.

त्या पाणथळात म्हणे एक बेट होतं, हुफैज.
ज्याला दिसलं त्याची वाचा गेली.
नहलाबाईंकडे तीन देशांचे कागद, तिन्हींत जन्मतारीख वेगळी.
नावाचा अर्थ मात्र एकच, त्यांनीच सांगितला : पाण्याचा पहिला घोट.
मी म्हटलं, मी धोंडिबा, कार्डावर दोंदीबा,
अर्थ दगड.
गाव?
मोडक्या अरबीत म्हणालो, पाण्याखाली.
हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
खजुराची बी तळहातावर फिरवत म्हणाल्या,
आमचं पाणी तुमच्याकडे गेलं की काय?

आमच्याकडे बंड नव्हतं. नुसती नोटीस होती,
चावडीवर खळीनं डकवलेली.
आई कुंडावर आसरांना हिरव्या बांगड्या वाहायची, लिंबू, दहीभात.
धरण भरलं त्या साली काठावर उभी राहिली,
बांगड्या पदरातच.
एवढ्या पाण्यात त्यांचं घर कुठलं,
त्यांनाही सापडत नसेल रे, म्हणाली.
सातही बांगड्या परत आणल्या.
पुढं बहिणीच्या लग्नात वापरल्या.

शेजारचे बू खलफ संध्याकाळी ओट्यावर बसतात.
त्यांचा बाप समुद्राच्या तळाशी बुडी मारून
गोडं पाणी आणायचा, मशकीत भरून. खाऱ्याच्या पोटात गोडे झरे होते.
कुठं होते? तर बोट दाखवतात ते
भरावावरच्या पार्किंगकडे.
फिल्म बघायला या म्हटलं तर येत नाहीत.
बघितलंय, म्हणतात.

परवा दोघं आले, पांढऱ्या इस्त्रीत.
सगळी फिल्म उभ्यानं पाहिली.
बाहेर येऊन एकानं शांतपणे विचारलं,
त्या काळ्यात काय आहे?
मी म्हटलं, बिघाड नाही.
तो म्हणाला, तेच विचारतोय.
दुसऱ्यानं माझं कार्ड मागितलं, नाव दोनदा वाचलं, परत दिलं.
नहलाबाईंना मी हे कळवलेलं नाही.

शेवटच्या खेळाला बहुधा कुणी नसतं.
काळोख झाला की मी चालू लागतो : चावडी, लोहाराचा भाता,
गवळणीचा गोठा, उजवीकडे वळून कुंड.
आईच्या मागून पायऱ्या उतरतो.
पहिली, दुसरी, तिसरी शेवाळाची, तिथं जपून,
आणि तेवढ्यात पडदा उजळतो,
मामांची नाव तिथंच.
आजवर चौथ्या पायरीला पोचलो नाही.