अस्सल बरहुकूम

शिरपूरच्या कचेरीत मी तेव्हा नक्कलकारकून.
दप्तरखान्याला एकच खिडकी, तीही जिनिंगकडे;
सरकीची धूळ यायची, रुमालांवर बसायची.
प्रत्येक रुमालात कडुनिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून.
पाला दरसाल नवा. कसर तीच.

एक्कावन्नच्या कार्तिकात दगाजी तात्या आले.
उभे राहणार होते, चिन्ह कंदील.
माझ्या स्टुलावर बसले, मी उभा.
म्हणाले, वेस्त्या नाईकाचा कागद काढा.
सातपुड्याच्या पायथ्याला अठरा पाडे आहेत,
आणि आता पाड्यालाही मत आहे.

कागद निघाला. मोडीतला.
तालुक्यात मोडी वाचणारे आम्ही तिघे उरलो होतो,
त्यातल्या एकाला दिसत नव्हतं.
मी वाचलं: वेस्त्या वल्द खाल्या, जात भील,
छप्पनच्या काळात वाण्याची कोठी फोडली,
ज्वारी पोती तेरा, पैकी नऊ परत.
दरवडेखोर. काळे पाणी.

तात्या म्हणाले, दरवडेखोर तिथं क्रांतिवीर घाला.
नक्कल म्हणजे नक्कल, मी म्हणालो.
ते हसले. शब्द इंग्रजाचा होता ना?
इंग्रज गेला. शब्द कशाला सांभाळता?

खरं सांगतो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
आजही नाही.

पण त्याखाली आणखी एक ओळ होती
जी तात्यांना वाचता येत नव्हती
आणि मी मोठ्यानं वाचली नाही:
खबर दिल्याबद्दल पोलीस पाटील आनंदा वल्द रतन यांस
बक्षीस पागोटे एक, रुपये पाच.
आनंदा म्हणजे तात्यांचे वडील.
जिनिंगच्या गादीमागे फोटो आहे, त्याच पागोट्यातला.

मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो,
ओळ एका दमात ओढायची असते.
मी त्या ओळीपाशी उचलला.
मग शाई वाळली, शिक्का मारला,
खाली लिहिलं: अस्सल बरहुकूम.

सभा भरली आमराईत. पडद्यावर वेस्त्या नाईक,
भुसावळच्या पेंटरनं काढलेला, हातात तलवार,
मिशा थेट कानापर्यंत.
त्याची लेक मोगी हिला स्टेजवर आणलं,
नवं लुगडं, त्याची घडी अजून मोडलेली नाही.
हीच ती, मतदारयादीच्या वेळी मी पाड्यावर गेलो
तेव्हा नाव विचारलं तर म्हणाली होती, वेस्त्यानी पोर.
तसं चालत नाही बाई, तुझं स्वतःचं सांग.
बराच वेळ आठवत बसली. साठ वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

चित्राकडे बघून म्हणाली, हाऊ कोन शे?
तुझा बाप, कुणीतरी सांगितलं.
मना बापले मिशा नव्हत्यात.
माईक आधीच तिच्या तोंडाशी होता, म्हणून पुढचंही ऐकू गेलं:
त्याले भूक लागनी व्हती.
बठ्ठास्ले लागनी व्हती.
मग ढोल सुरू झाला.

मतदानानंतर ती कचेरीत आली. बोटाला शाई.
बापाचा कागद दाखव म्हणाली.
दाखवला. नावावर बोट ठेवून दिलं, तिनं ते घासून पाहिलं,
जणू पुसलं जातं की काय. मग विचारलं, खाले काय शे?
काही नाही, शिक्का.
ती हसली. तात्या हसले होते तसं नाही.
आनंदा पाटीलनं पागोटं आम्ही देखेल शे, भाऊ.
आणि उन्हात निघून गेली.
कुठल्या डब्यात मत टाकलं ते मी विचारलं नाही.
माझ्या एवढ्या रुमालांत तेवढा एक कागद नाही.

तात्या चारशे मतांनी आले.
चौकाला वेस्त्याचं नाव लागलं, शाळेत काचेमागे माझी नक्कल.
मुलं पंधरा ऑगस्टला तिला हार घालतात.

अस्सल मात्र कसरीनं खाल्लं, पुढच्याच पावसाळ्यात.
त्या साली मी त्या रुमालातला पाला
बदलला नव्हता.