पाऊणपट

नाशिकला समुद्र नाही.
गंगापूरच्या धरणावर वाऱ्याने उठतात त्या लाटा नव्हेत,
पाण्याच्या अंगावरचे काटे आहेत.
गोदावरी त्र्यंबकला उगवते तीच समुद्राकडे पाठ करून,
डोंगरापलीकडचं स्थळ नाकारून
लांब, दिल्या घरी निघते.

म्हणून आम्ही इंजिन पिंपात चालवतो.

पिंप तुळशीदास गायख्याचं, द्राक्षाच्या फवारणीचं,
कडेला मोरचुदाची निळी रेघ अजून.
इंजिन पंधरा हॉर्सपॉवर, लिलावातलं,
सातपूरच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर टांगलेलं.
चौथ्या झटक्याला पेटलं. पत्रे थरथरले,
शेजारच्या गाळ्यातला प्रेसवाला हात पुसत बाहेर आला.
मी आवाज ऐकत नव्हते, धार बघत होते.
मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार यायला हवी,
तान्ह्याला झाली की आईचा जीव भांड्यात पडतो, तशी.
नाही आली.
बंद कर, म्हटलं, आधी बंद कर.

खालचा पाय उतरवला.
रबरी इम्पेलरच्या सहा पाकळ्यांतल्या दोन गायब.
तेवीस वर्षं आयटीआयच्या पोरांना हेच सांगत आले:
तुटलेलं बदलण्याआधी
तुटलेलं गेलं कुठं ते शोधा.
एक तुकडा नळीत सापडला. दुसऱ्याने रविवार खाल्ला.
गिअरचं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं: दुधाळ नाही.
म्हणजे सील शाबूत.

मग कॅलेंडर.
डहाणूचा हरेश्वर तामोरे फोनवर म्हणाला,
"बाई, तिथी घ्या, पाऊणपट करा. तीच भरतीची वेळ."
मार्गशीर्षातली अष्टमी. आठाची पाऊणपट सहा.
भांगाचं पाणी, अंगावर न येणारं.
सहाला खाडीबाहेर, दहाच्या आत आत,
नंतर खाडीत बोटीपुरतंही पाणी उरत नाही.
पेट्रोलचे तीन भाग: जायला एक, यायला एक,
तिसरा आहे हे विसरायचं.
सगळं लिहून यांच्या हाती दिलं.
यांना पोहता येत नाही. कागद फ्रिजवर लावला,
खाली स्वतःच्या अक्षरात:
बारापर्यंत फोन नाही, तर तामोरे.

रात्री मोखाड्याच्या वळणांवर
ट्रेलर मागून ढकलत राहिला,
बोटीलाच उतार कळला असावा.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बेवारस जाळ्याची दोरी.
खट्.
इंजिन खुशीत ओरडतंय आणि बोट जागच्या जागी.
शिअर पिन. पितळेची,
मीच लेथवर काढलेली, मुद्दाम मऊ.
ती तुटायलाच असते.
ती हट्टाला पेटली तर गिअर जातो.
तुळशीदासने नांगर सोडला,
मी पक्कड मनगटाला बांधून पाण्यावर ओणवी,
दुसरी पिन, तिसऱ्या प्रयत्नात.
त्याला हसू येत होतं, मला ओकारी.

परतलो तोवर खाडीने दार लावून घेतलं होतं.
चिखलात कलून बसलो. खेकडे बघून गेले.
बाराला पाच कमी असताना फोन लावला:
चिखलात आहोत, खुशाल आहोत.
"कागदावर चिखल नव्हता," हे म्हणाले.
म्हटलं, लिहा.

रात्री अकराला पुन्हा सातपूर, पुन्हा पिंप.
गोड्या पाण्यात दहा मिनिटं, मीठ धुऊन निघेपर्यंत.
आता धार कशी अगदी सरळ!
हे बनियनवर आले, पिंपात बोट बुडवून चाटलं.
"खारट लागतंय की गं."

पिंप कलतं केलं.
पाणी गटाराला, गटार नासर्डीला,
नासर्डी टाकळीला गोदेत.
चिमूटभर पश्चिम
पाठ फिरवून निघालेल्या नदीच्या ओच्यात.

तुळशीदास मात्र पिंप घासतच राहिला,
आतून, बाहेरून, दोनदा.
सकाळी बागेत फवारणी होती
आणि द्राक्षाला यातलं काही सांगायचं नव्हतं.