मागच्या बाजूने

शिलाईच्या हिशेबाची वही उलटी धरली
आणि मागच्या बाजूने वर्ष सुरू केलं.
पुढून अजून ब्लाउजांची मापं आहेत :
छाती चौतीस, बाही नऊ,
उसवायला जागा ठेवणे.
ही शेवटची सूचना मैथिलीच्या वर्षालाही चालेल,
म्हणून ते पान फाडलं नाही.

उभ्या रेघा पाच, आडव्या बारा.
सोमवारी मराठी, हातच्याची वजाबाकी.
मंगळवारी इंग्रजी, परिसर.
फूटपट्टी सरकवताना एकदम
ओल्या पाटीचा वास आला, माझ्याच,
आणि भीती वाटली :
अपूर्णांकांचा भागाकार मी विसरलेय.
खालचा वर जातो एवढं आठवतं.
का जातो, ते तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं.

फेरीबोटीत बायका विचारतात,
तिसरीतून काढली? कित्याक गे?
चोडणहून रायबंदरच्या धक्क्यापर्यंत पुरेल
असं उत्तर माझ्याजवळ नाही.
म्हणते, बघू एक वर्ष.

खरं कारण एक अक्षर आहे.
हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना ती प वर अडायची,
आणि मागचा बाक तो प
डब्याच्या झाकणावर वाजवून दाखवायचा.
मग तिने हात वर करणंच सोडलं.
प्रगतिपुस्तकात शेरा आला : शांत मुलगी.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पृथ्वी आणली.
दोनशे सांगितले, दीडशेला दिली,
कारण तिच्यावर एक देश आहे जो आता नाही
आणि दक्षिण ध्रुवाच्या जागी भोक.
भूगोल बाबाच्या जहाजामागून जाणार, असं ठरलं.
रघुवीर तारवटी माणूस, फोनवर हसला :
पुढचं बंदर आम्हालाच ठाऊक नसतं,
माल मिळेल तिथे.
मी जुलैच्या चौकटीत तेच लिहिलं,
माल मिळेल तिथे.

गणित मानशीवर.
इनासमामा हो म्हणाले, महिन्याला एक शर्ट शिवून द्यायच्या बोलीवर.
काठीवर खुणा, खाजनात चढलेलं पाणी,
कालच्यातून आजचं वजा.
तास मी ठेवला सकाळी दहाचा.

मैथिलीने वही ओढली,
भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर काढून आणलं,
आणि खोडरबर.
आज दहाला भरती,
तर उद्या अकराला दहा कमी,
परवा पावणेबारा होत आलेले.
बोटाने दाखवत गेली, बोलली नाही.
गणित घसरत घसरत मराठीवर चढलं,
शुक्रवारी जेवणाच्या ताटात बसलं,
पुढच्या आठवड्यात दिवेलागणीला.
माझ्या पाच उभ्या रेघा
मी चंद्राला न विचारताच आखल्या होत्या.

काल मानशीच्या दाराशी उभी राहून मी विचारलं होतं,
हे जड लाकूड तुम्ही ढकलता तरी कसं?
इनासमामांनी विडी कानामागे खोचली.
"धुकलुपाचें न्हय गे बाय.
उदक परतलें की आपशींच उगडटा."
तेव्हा मी मान हलवली होती, गिऱ्हाइकाला हलवते तशी.

आज कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
सगळ्या विषयांच्या खाली, फक्त माझ्यासाठी
एक विषय लिहिला :
तिचा शब्द आपण पुरा करू नये.
रोज. सुट्टी नाही.

लगेच घटक चाचणी.
ती वहीकडे बघत "प" म्हणाली आणि थांबली.
माझ्या जिभेवर परीक्षा आली,
पाढे आले, पप्पा आला,
तिघांनाही दात आवळून आत ठेवलं.
बाहेर पदेर भोंगा वाजवत
आमच्या आणि शेजारच्या फाटकावरून गेला,
आज पाव राहिले.
पंखा फिरत होता. पेन्सिल माझ्या हातात घामेजली.

"प... पान उलट, आई," ती म्हणाली,
"इथे जागा संपली."