शेवटची पट्टी

तेहेतीस वर्षं सातपूरला डाय-फिटर.
लोखंड ऐकतं.
ही देवदाराची पट्टी, सहा मिलिमीटर,
वाकते, वाकते
आणि नाळेपाशी येऊन रुसते.

द्वारकेचा वखारवाला म्हणाला होता,
काका, सागवान घ्या, देव्हारा करा,
होडी कसली!

पार्किंगमध्ये साच्यांवर ती पालथी,
बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
क्लॅम्प संपले तेव्हा यमुताईंनी
दोरीवरचे ओले कपडे काढून
चिमटे दिले, काही न विचारता.
कुसुंबेकरांचा नातू मात्र विचारतो,
बुडेल?
बुडेल कदाचित.

आता मधोमध एकच फट,
दोन्हीकडे निमुळती.
तिथे व्हर्नियर चालत नाही.
रंध्याने एक पापुद्रा काढतो,
लावून बघतो, काढतो,
लावून बघतो.

गंगापूरचं पाणी कुठे पळून जातंय.