डाव्या सीटपुढची मॅट

जीपच्या डाव्या सीटपुढची रबरी मॅट
दोन जागी पत्रा दिसेपर्यंत झिजली आहे.
तिथं ब्रेक नाही, क्लच नाही.
तिथं उईके सरांचे पाय असतात.

मी मागे बसतो. मांडीवर दोन चाकं,
खिशात स्पोकची चावी.
चढ आला की सरांचे खांदे आधी वाकतात,
मग उजवा गुडघा, मग डावा,
आणि अजाबराव स्टिअरिंगवरून म्हणतो,
"सर, गाडी मी चालवून राहिलो ना."

कोंढाळीत दूध घालायचे म्हणे,
काळ्या सायकलला दोन्हीकडे कॅन.
दूध हिंदकळू नये म्हणून पाय असा गोल फिरवायला शिकले
की पुढे रेल्वेच्या कोचला वाटलं,
पोट्टा हे जन्मतःच घेऊन आलाय.

नऊ वर्षं रेल्वेची जर्सी.
पेपरात फोटो एकच,
त्यातही दुसऱ्याच्या मागे अर्धे.

एकदाच बोलले, घमेल्यात ट्यूब बुडवून
बुडबुडे शोधताना:
अकरा किलोमीटर राहिले होते, पुढे कोणी नव्हतं.
गाडी बाजूला आली. "थांब.
कॅप्टनचं चाक फुटलं. तुझं दे."
दिलं.
मग तुरीच्या धुऱ्यावर उभे राहिले,
एका चाकाची सायकल
लंगड्या गोऱ्ह्यासारखी धरून.
निंदणाऱ्या बाईनं ओंजळभर सोले दिले.
ते किती गोड होते हे सर अजून सांगतात,
शर्यत कोण जिंकलं ते नाही.

आज तळेगावचा घाट.
हर्षदा नेवारे, वय एकोणीस, एकटी पुढे,
पाठीवर मिठाची पांढरी रेघ.
प्रांजली, आमची कॅप्टन, दीड मिनिट मागे.
जिनिंगवाल्या शेठचा फोन:
"पोरीला थांबवा. प्रांजलीला ओढून आणू द्या.
पैसा मी कोणावर लावला?"

सरांनी फोन डॅशबोर्डवर पालथा ठेवला.
मागे संत्र्याचा ट्रक हॉर्न देत होता.
जीप हर्षदाच्या बाजूला आली,
सरांनी भोंगा तोंडाशी नेला
आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मी उगाच मांडीवरलं चाक घट्ट धरलं.

"पाणी हाय काय?"
तिनं वळूनही पाहिलं नाही. "हाय."
"मंग जाय."
आणि अजाबरावला, हळू:
"मागं घे गाडी. तिच्या कानात इंजिन नको."

ती चौथी आली. प्रांजली सातवी.
संध्याकाळी शेठनं डिझेलचे पैसे बंद केले.

परतताना सरांनी एका धुऱ्यापाशी गाडी थांबवली,
शेतवाल्याला विचारून ओल्या शेंगा तोडल्या
आणि हर्षदाच्या शेजारी बसून सोलत राहिले.
ती चौथ्या नंबरावर रुसलेली,
टरफलं खिडकीबाहेर फेकत होती.
"तीनशे मीटरवर मी उठलीच नाही सर, काऊन माहीत नाही."
"उद्या पाहू," सर म्हणाले. "खा."

डिझेलचा काटा लालाच्या वर
बोटभर होता.
अजाबरावनं उतारावर इंजिन बंद केलं.